शहाण्णव सालचं ऑपरेशन

शकुनने पिशवी दोन दिवस आधीच भरून ठेवली होती. लुंग्या, टॉवेल, थर्मास, सोनोग्राफीची फाइल, दोघांची आधार कार्डं. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी अमरावतीला व्हायचं होतं. किसनराव शेतात सापाला भ्यायचे नाहीत, पण दवाखान्याचा वास आला की त्यांना घाम फुटायचा. तेव्हा दोघांच्या वाटची हिंमत तिनेच धरली होती.

बुधवारी दुपारी भरती झाल्यावर भूल देणारी डॉक्टर खाटेजवळ आली. तरुण पोरगी होती. बीपी, शुगर, दमा, दात हलतात का, असं एकेक विचारत गेली. उत्तरं शकुनच देत होती.

"याआधी काही ऑपरेशन?"

"नाही जी," शकुन हसली. "हे तं साधी सुई टोचून घेत नाहीत."

डॉक्टरने फाइल चाळली. "काका, तपासताना सरांना जुना व्रण दिसलाय. भूल द्यायची आहे, लपवू नका."

किसनराव खिडकीकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "नसबंदी झाली हाये. क्याम्पात."

"कोणत्या साली?"

"शहाण्णव."

डॉक्टरने लिहून घेतलं आणि तंबाखू खाता का, ते विचारलं.

शकुनचं लग्न नव्व्याण्णवचं.

ती चांदूर बाजारजवळच्या त्या घरात आली तेव्हा ललित पाच वर्षांचा होता. त्याची आई तापाने गेली होती. पोराने पहिल्याच आठवड्यात शकुनचा पदर धरला, तो सोडला नाही. पण आपलंही एक व्हावं असं तिला वाटायचं. तिने सोळा सोमवार केले, ते संपल्यावरही सोमवारचा उपास चालूच ठेवला, एका वैद्याचे कडू काढे वर्षभर घेतले. अमरावतीला येऊन गर्भनळ्यांची तपासणी केली, त्या दिवशी टेबलावर ती किंचाळली होती. डॉक्टरीण म्हणाली, तुमच्यात दोष नाही, आता मालकांना घेऊन या. घरी येऊन सांगितलं तर किसनराव उसळले होते, "मले काय धाड भरली? लल्या कोनाचा हाये मंग?" तिला ते पटलं होतं. गावात बारशाचं बोलावणं यायचं, पण पाळण्याची दोरी तिच्या हातात कोणी द्यायचं नाही. तेही तिने आपल्याच नशिबावर घातलं होतं.

डॉक्टर गेल्यावर ती स्टुलावर बसली.

"काहून सांगतलं नाही?"

"ललितच्या वक्ताले त्याच्या मायची तब्येत लय बिघडली होती. डाक्टर म्हने, दुसरं झालं तं बाई जाईन. म्हनून मीच करून घेतलं." किसनराव चादरीशी चाळा करत होते. "तुले सांगतलं असतं तं तू आली असती का?"

"नसती आली."

"मंग?"

"मंग काय? नसती आली. ते मले ठरवू द्याचं होतं." तिचा आवाज चढला तशी शेजारच्या खाटेजवळची बाई वळून बघू लागली. "मी सोमवार धरून उपाशी राहत होती, तवा तुमी माया समोर बसून जेवत होते."



संध्याकाळी सिस्टर आली. रात्री दहानंतर पाणीही नाही, अंगठी काढा, कमरेचा करदोडा कापा. तिने कात्री शकुनच्या हातात दिली. शकुनने करदोडा कापला. किसनरावांनी तिचं मनगट धरलं, "शकुन, राग नको धरू. उद्या माया जिवावरचं हाये." तिने हात सोडवून घेतला. दुखणाईत माणसावर रागवायचं नसतं, म्हणजे धड रागवायचीही सोय त्यांनी ठेवली नव्हती.

सकाळी ललित अकोल्याहून आला. तिथे तो औषधाच्या दुकानात होता. सिस्टरने संमतीचा कागद पुढे केला. नातेवाइकाची सही हवी होती.

"तू कर," शकुन ललितला म्हणाली.

"आई, तू असताना मी काहून?"

तिने त्याला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. तो चकित होईल, बापावर चिडेल असं तिला वाटलं होतं. तो खाली बघत उभा राहिला.

"तुले मालूम होतं," ती म्हणाली.

"बारावीत असताना आजीनं सांगतलं. तुले वाईट वाटंन म्हनून..."

म्हणजे बारा-तेरा वर्षं. त्यानंतरही कितीतरी दिवस तिचे सोमवार सुटले नव्हते. तो शनिवारी अकोल्याहून घरी यायचा, सोमवारी सकाळी निघताना म्हणायचा, "आई, चहा तरी घे." बापाचं तिने रात्रभर कसंतरी गिळलं होतं. हे घशाखाली उतरेना. ती बाकावर बसली.

सही ललितनेच केली. ऑपरेशन तासाभरात नीट झालं. पुढचे आठ दिवस शकुनने सगळं केलं. वेळेवर गोळ्या दिल्या, मऊ खिचडी केली, त्यांना धरून बाथरूमला नेलं. कामापुरतं बोलली. टाके काढायला पुन्हा अमरावतीला आली तेव्हा तिच्या हातात दुसरी पिशवी होती, तिच्या लुगड्यांची.

बसस्टँडवर ललितने विचारलं, "मामाकडं किती दिवस राहशीन?"

"मले मालूम नाही."

आता चार महिने झाले. ती धामणगावला भावाकडे आहे, सकाळी शाळेत पोषण आहार शिजवायला जाते. ललितचा रविवारी फोन येतो. ती बोलते, जेवला का ते विचारते. मग तो म्हणतो, बाबाले देऊ का? ती म्हणते, "नको."

एकदा त्याने रडत विचारलं, "आई, मायावर राग हाये का तुया?"

"हाये," ती म्हणाली, "पन तू फोन करत जा."