पेंढा भरलेलं रेडकू

१९९७ सालच्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी आणि पत्नी अर्धा लिटर धारोष्ण दूध घ्यायला गंगावेशीतल्या कट्ट्यावर गेलो होतो. तिथे म्हैस समोर उभी करून दूध काढून देतात. ज्याच्याकडून आम्ही नेहमी घ्यायचो, त्या गवळ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. साठीचा, वाकलेला माणूस. त्याची एकच म्हैस होती आणि घर तिच्यावरच चालायचं. धार काढण्याआधी तो तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, मग स्वतःची कंबर दाबायचा.

तिचं रेडकू मेलं होतं. रेडकू पुढे नसेल तर ती पान्हा सोडत नसे, म्हणून गवळ्याने मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला होता. तिने चाटून चाटून कातड्याचे केस गेले होते.

पत्नीने विचारलं, "मामा, हे खरं नाही, हे तिला कळत नाही का?"

"न कळाय काय झालं? पैल्या दिवशी हुंगून तोंड फिरवलंतं की. दुसऱ्या दिवशी चाटाय लागली. मलाबी म्हाईत हाय, तरी रोज खांद्यावर घिऊन येतोयच."

त्या दिवशी मात्र तिने कातड्याकडे पाहिलंच नाही. तो बराच वेळ सड ओढत राहिला, पण बादलीचा तळही भिजला नाही.

मागचं गिऱ्हाईक ओरडलं, "पान्ह्याचं इंजेक्शन टोच की गा!"

"तुलाच टोचतो, ये हिकडं," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्याने रेडकू उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "जावा पावणं, शेजारी घ्या. दमली ती."

आम्ही शेजारच्या म्हशीचं दूध घेतलं आणि आठ रुपये तिच्या मालकाला दिले.