अमावास्येला परत पाठवलेलं पार्सल

आज घरी आलं: कुकरची रिंग एक, साठ रुपये. पूजेची घंटी एक, एकशे चाळीस. पोचवायचे पैसे शून्य. एकूण दोनशे.

मैत्रिणींनो, बीडहून आपल्या वडवणीत ऑनलाइनची पार्सलं आणणारे रफिकभाई याच पार्सलासाठी आज दुसऱ्यांदा आले. परवा अमावास्या होती. नवी वस्तू घरात कशी घ्यायची, म्हणून मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

आज चहा पिताना म्हणाले, "ताई, परवा तुमच्या गल्लीतून पाच पार्सलं वापस नेली मी. एका पार्सलामागं कंपनीला दहा-बारा रुपये सुटत्यात, ते दुसऱ्या खेपेच्या पेट्रोलातच गेले. साहेब म्हनतो, वडवणीला गाडी पाठवणं बंद करू."

"मग तुमचं काय?"

"मग मला रोजच अमावास्या," ते हसून म्हणाले.

मला लई वाईट वाटलं. अमावास्या पाळली मी आणि भुर्दंड त्यांना.

पण थोड्या नफ्यात धंदा चालतच नाही, हे मला पटत नाही. थोडक्या पैशात घर आपण चालवतोच की. बाजाराला आपण पाचजणी एकाच रिक्षानं जातो, तसं मागवायचंही एकाच दिवशी, पार्सल अमावास्येला येणार नाही हे आधी कॅलेंडरात बघून. पाच पार्सलं एका खेपेत पोचली, तर कंपनीचे दहा-बारा रुपये हातात राहतील आणि रफिकभाईंची फेरीही टिकेल.

"एकदा करून दाखवा, मग साहेबाला सांगतो," असं ते म्हणालेत. सोमवारी मागवू. महादेवाचा वार आहे, यश येईल.

कुणाला काय पाहिजे, ते उलट टपाली कळवा.