दहा नंबरची जर्सी

निवडणूक लागायची होती, पण आमच्या पेठेत दोन माजी नगरसेवकांचं आधीच वाजलं होतं. फुटबॉलचा सामना हे नुसतं निमित्त. सामना सुटला आणि भर दुपारी गल्लीत दगडफेक सुरू झाली. एका रिक्षावाल्याचं डोकं फुटलं. मी आपली गॅलरीत उभी. आत जावं एवढी अक्कल कुठली? वय तरी काय, जेमतेम चौसष्ट. पोरवयच ते.

पोलीस चौकशीला आले तशी गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. मी मात्र वरून ओरडले, "साहेब, दगड मारणाऱ्याला मी बघितलंय की! आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची जर्सी, पाठीवर दहा नंबर!"

आता आमच्या पेठेत दहा नंबर कुणाच्या पाठीवर नसतो? दूधवाला घालतो, भटजींचा जावई घालतो. तरी मी जबाबावर ऐटीत सही ठोकली.

अर्ध्या तासात पोलिसांनी समोरच्या घरातून लोखंड ओतायच्या फाउंड्रीतल्या कामगाराला बाहेर काढलं. रात्रपाळी करून तो तीच जर्सी घालून झोपला होता. त्याची बायको पिठाच्या हातांनी जीपमागं धावली. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका माजी नगरसेवकानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. चौकात फलक लागला, 'धाडसी आजी'. फोटो मीच निवडून दिलेला, नथीतला. पकडलेला माणूस गेल्या निवडणुकीत या सत्कार करणाऱ्याच्या विरोधकाच्या बूथवर बसला होता, हे कुणी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी त्या कामगाराची बायको जिना चढून आली. "आजी, खरं सांगा. त्येंचं तोंड बघितलासा?"

तोंड? मी आठवू लागले. पाठ आठवली, आकडा आठवला. वर डोकं होतं की नाही तेही आठवेना.

"न्हाय गं. पाठच बघितली."

"मग सही कशावर केलासा?"

तिच्याबरोबर तशीच पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "आजी, शाल घेताना सगळं आठवत होतं की!"

"तवा मी फोटो कसा आलाय त्ये बघत होते."

"जबाब फिरवला तर तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ दे. लिवा, तोंड दिसलं न्हाय."

तिसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पण शिरोलीच्या फाउंड्रीत त्याच्या मशीनवर दुसरा माणूस लागला होता. मग आम्ही दोघी फाउंड्रीत गेलो. सुपरवायझरनं विचारलं, "ह्या कोण?"

"ह्येंच्याच सहीनं त्येंना धरून नेलं," ती म्हणाली. एवढीच माझी ओळख.

मला कुणी खुर्ची दिली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.

सोमवारी त्याला परत घेतलं. मशीनवर नाही, साच्यांची वाळू चाळायला.