डॉक्टर जुमांचा फ्रीझर आणि कंट्रोलची नळी

म्हश्या, हातातलं काम सोड आणि आधी हे ऐक! आज लॅबमध्ये जे झालंय ना... थांब, ते शेवटी. आधीचं कळल्याशिवाय त्यात मजा नाही. फोनवर एवढं कुठे बोलता येतं, म्हणून कॅसेट भरतोय. आखातातलं युद्ध सुरू झाल्यापासून आमच्या लॅबमध्ये किस्से वाळूसारखे साचतायत. सकाळी झाडून काढा, दुपारी परत थर!

आमची लॅब म्हणजे रियाधच्या एका हॉस्पिटलातल्या दोन खोल्या आणि तीन माणसं. बॉस डॉक्टर जुमा, टांझानियाचे. फहद, पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफचा सौदी टेक्निशियन. आणि मी. जुमा आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांचं आणि त्यांच्या शेजाऱ्यांचं रक्त जमवतात. आणि शब्दही! म्हणतात, "शब्द गेले तिकडे माणसं गेली, माणसं गेली तिकडे आजार गेला." आजार म्हणजे सिकलसेल, ज्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. गावोगाव बसने हिंडून आणलेलं सगळं रक्त एका फ्रीझरमध्ये आहे. युद्धाची कुणकुण लागताच अर्धे डॉक्टर मायदेशी पळाले. जुमा हलले नाहीत.

मी विचारलं, "सर, तुम्ही का नाही गेलात?"

"फ्रीझरला व्हिसा कोण देणार?"

*

नर्सांच्या होस्टेलवर झैनबबी स्वयंपाक करतात, मोंबासाकडच्या. जुमा त्यांच्या गावच्या भाषेतले शब्द टेप करत होते. एकेका अवयवावर बोट ठेवायचं, त्या शब्द सांगणार. मध्येच सायरन! सगळ्यांनी गॅस मास्क चढवले. दुसरा कुणी असता तर टेप बंद केला असता. जुमांनी मास्कच्या नाकाडावर बोट ठेवलं.

झैनबबींनी शब्द सांगितला. मग कान, मग हनुवटी, सगळं शिस्तीत.

दुसऱ्या दिवशी टेप ऐकून जुमांनी डोकं धरलं. नाकाच्या जागी हत्तीची सोंड!

झैनबबी म्हणाल्या, "जे दिसलं ते सांगितलं. मला काय माहीत आत नाक आहे!"

*

आता जरा सायन्स, पण सोपं. सिकलसेल आफ्रिकेत आहे, इथे कतीफकडे आहे, आपल्याकडे आदिवासींत आहे. पण त्याच्या आजूबाजूच्या डीएनएवरच्या खुणा ठिकठिकाणी वेगळ्या. फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात. पट्ट्या बघून सांगता येतं, हा आजाराचा गुण कुठल्या बाजूने आला.

तर हा फहद मला कायम "या हिंदी", म्हणजे "ए इंडियन, चहा आण" करायचा. एकदा त्याने हौसेने स्वतःचं रक्त तपासायला दिलं. पट्ट्या आल्या त्या थेट आपल्या आदिवासींशी जुळणाऱ्या!

जुमा फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "फहद, तुला आता भारतात राहायचा इकामा काढावा लागेल."

त्या दिवसापासून चहा फहद आणतो!

*

तुला आमचे अब्बा माहीतच आहेत. मुरूडच्या घराच्या गच्चीवरून समोर जंजिरा दिसतो. लहानपणी मी विचारायचो, "अब्बा, ते आफ्रिकेतून आलेले सिद्दी आपले कोण?" अब्बा भडकायचे. "ते तिकडे किल्ल्यात! आपण अरब!"

आता हर्णैच्या एका घरी माझ्या निकाहची बोलणी चालू आहेत. त्यांना हुंडा नको, काही नको, फक्त अरब खानदान हवं. अब्बांनी छाती ठोकून सांगितलंय, "मुलगा आपल्या असली मुलुखात परत गेलाय!"

मुलुखात परत गेलेल्या या अरबाचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या कपाटात आहे, हे तेवढं सांगायचं राहिलं!

*

मागच्या आठवड्यात हुकूम आला, फ्रीझर तळघरात हलवा. हलवताना नेमका सायरन. वीज गेली. जुमा नळ्यांचा रॅक पोटाशी धरून जिन्यात उभे. सिक्युरिटीवाला ओरडला, "आधी माणसं, मग सामान! यल्ला, चला!"

जुमा म्हणाले, "ही माणसंच आहेत!"

आणि पाय घसरला. काही नळ्या जिन्यावर पडल्या. फुटली एकही नाही, पण आम्ही तिघांनी मास्क घालून, टॉर्चच्या उजेडात, अंदाजाने परत रॅकमध्ये लावल्या. लेबलं ओली झालेली. तेव्हापासून जुमा धड जेवले नाहीत. एकच घोर, नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही?

*

आता आजचं.

तुलनेसाठी आम्ही हॉस्पिटलातल्या काही भारतीयांचं रक्त कंट्रोल म्हणून ठेवलंय. कंट्रोल म्हणजे नॉर्मल माणूस. त्यात मीपण आहे. (हस, हस! मला नॉर्मल म्हणणारी पहिली संस्था!) नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कुठली नळी कुणाची हे फक्त मला माहीत, कारण रक्त मीच काढलं.

आज फिल्म धुतली. जुमांनी खिडकीशी धरली आणि खुर्चीत बसलेच. भारतीय कंट्रोलच्या एका नळीत चक्क बांटूंच्या पट्ट्या!

"खलास," ते म्हणाले. "नळ्या बदलल्या. आता कशावरच विश्वास ठेवता येणार नाही. शनिवारी सगळं भट्टीत टाका."

विमानतळ बंद. त्या गावांना परत जाणं या जन्मी होईल असं त्यांना वाटत नाही. फहद रडायच्या बेताला आला.

मी नळी पाहिली. माझी!

बाथरूमला जातो म्हणून बाजूच्या खोलीत गेलो, बोट टोचलं, थेंब स्लाइडवर घेतला, सिकलसेल तपासायचं औषध टाकलं, काच ठेवली. थोड्या वेळाने मायक्रोस्कोपात डोळा लावला. गोल पेशींच्या गर्दीत विळ्यासारख्या वाकड्या पेशी! नळी बदललीच नव्हती रे. मला आजार नाही, नुसता गुण आहे. पण आहे. आणि तो समुद्रापलीकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलाय.

मी सांगितलं तर जुमांचा फ्रीझर वाचतो. पण मग ते पुढचं विचारणारच. घराणं कुठलं, आजोबा कोण, वडिलांचंही रक्त मिळेल का? म्हणजे अब्बांना फोन. आणि हर्णैची बोलणी मोडलीच!

बोटावर कापूस दाबत बाहेर आलो. जुमा एकेक नळी हातात घेऊन बघत होते, निरोप घेतल्यासारखी. फहदने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग फिल्मकडे. मग परत माझ्या बोटाकडे.

आणि जुमांनी मान वर न करता विचारलं, "इरफान, ही नळी कुणाची, तुला आठवतं का?"

म्हश्या, खरं सांग, तू काय केलं असतंस?