तेराव्याचा फोटो

वारंगा फाट्यावर माझं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या दाराने गेलं की घर. आसपासच्या गावांत माणूस गेलं की तेराव्याला पाटावर ठेवायचा मोठा फोटो माझ्याकडूनच नेतात. लग्नाच्या गर्दीतून, आधार कार्डावरून, कुणाच्या खांद्याआडून अर्धा दिसणारा चेहरा मी उचलून आणतो आणि त्याच्यामागे निळं आभाळ देतो. वर, जिवंतपणी एक बरा फोटो काढून ठेवता आला नाही का, म्हणून घरच्यांना चार शब्द सुनावतो. माझी जीभ तिखट आहे हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं ऐकून घेतात, कारण त्यांना फोटो हवा असतो.

दुकानाचं शटर रोज सकाळी माझे वडील, म्हणजे आबा, उघडायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एक काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. फोटो छापायचं शाईचं मशीन रोज थोडं चाललं नाही तर त्याच्या हेडमध्ये, म्हणजे जिथून कागदावर शाई फवारली जाते त्या बारीक छिद्रांत, शाई वाळून बसते. आमचं दुकान पत्र्याचं, उन्हाळ्यात भट्टीच. म्हणून आबा एक रंगीत कागद काचेवर ठेवायचे आणि रंगीत झेरॉक्सचं बटण दाबायचे. कागद बाहेर आला की आत हाक मारायचे, "मशीनला चहा पाजला रे!" मग स्वतः चहा घ्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. काही दुखणं नाही, खुपणं नाही. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. सुतक लागलं, शटर खाली आलं. सुतकात आमच्याकडे धंद्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, त्यामुळे मशीनला चहा पाजायला कुणी उरलं नाही. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. मी बापाला रडत होतो, मशीनला कोण आठवतं?

दहाव्याचा विधी करून नदीवरून आलो तेव्हा मायने एकच गोष्ट मागितली. "साऱ्या मुलखाचे फोटो तू काढले. तुझ्या आबाचा बी आपल्याच मशीनवर काढ. दुसरीकडून आणू नको." आबा गेल्यापासून ती रडली नव्हती. भेटायला येणाऱ्या बायका त्यावरून कुजबुजत होत्या. ती मात्र घर सारवत होती, भांडी घासत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती. म्हणून तिने काही मागितलं याचंच मला बरं वाटलं. थोरला भाऊ म्हणाला, "मी हिंगोलीहून करून आणतो, काहून तकलीफ घेतो?" मी म्हणालो, माझ्या बापाचा फोटो मी करीन.

सुतक फिटलं आणि बाराव्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं. आबांचा एक चांगला फोटो माझ्याकडे होता. नवीन दिवा आणला तेव्हा उजेड बघायला मी त्यांना स्टुलावर बसवलं होतं. डोळे किलकिले करून हसत होते. तो मशीनला दिला आणि कागद बाहेर आला तो हिरव्या चेहऱ्याचा. लाल शाईची वाट पूर्ण बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भावकी जमणार होती.

मी घाबरलो नाही. अशी हेडं मी कितीदा साफ केली आहेत. काच पुसायचं निळं पाणी मिळतं ना, तेच वापरतो. हेड बाहेर काढायचं, त्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यावर ठेवायचं, आणि सुई काढलेल्या सिरिंजला बारीक नळी जोडून तेच पाणी हळूहळू आत ढकलायचं. वाळलेली शाई विरघळते आणि खालच्या फडक्यावर उतरते. दुकानातल्या बाटलीत तळाला होतं तेवढं वापरलं. फडक्यावर लाल ठिपका पडला. हेड बसवून पुन्हा कागद काढला. आबांच्या गालावर रंग आला होता. मध्ये मध्ये रेघा होत्या, पण ते आबाच होते. मी तिथेच बसलो आणि पोटभर रडलो.

आणखी थोडं पाणी मिळालं की रेघाही जातील, एवढंच राहिलं होतं. मी मागच्या दाराने न्हाणीत गेलो. माय तिथे आबांचे सदरे आणि धोतरं धूत बसली होती. गेलेल्या माणसाचे कपडे आम्ही भावकीतल्या वडीलधाऱ्यांना देतो. कट्ट्यावर काच पुसायच्या पाण्याची तशीच बाटली होती, तोच कागद चिकटवलेला, आत तसंच निळं पाणी. बारा दिवसांच्या धूप-अगरबत्तीने माझं नाक चोंदलेलं, वासाचं भान नव्हतं. मी बाटली उचलली. माय काही म्हणाली, पण बादलीत पाणी पडत होतं आणि मी घाईत होतो.

या वेळी काम पुरतं व्हावं म्हणून चारही रंगांच्या छिद्रांत ते पाणी ढकललं. हेड बसवलं. कागद बाहेर यायला लागला आणि आबांचं कपाळ निळं दिसलं. मग डोळे निळे, मग हसणारं तोंड. छातीपर्यंत येता येता तोही रंग फिका झाला आणि खालचा कागद कोरा आला. त्यानंतर मशीनने काहीच उमटवलं नाही.

मी तो कागद आणि बाटली घेऊन न्हाणीत गेलो. ओसरीवर सोयऱ्यांच्या बायका गहू निवडत होत्या. त्यांच्या देखत मी ओरडलो, "काय भरलं यात? अक्कल हाय का न्हाई तुला? आबाचं तोंड घालवलं तू!"

मायने बाटलीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"नीळ हाय बाबा," ती म्हणाली. "मी म्हणत व्हते तुला, ती नीळ हाय म्हणून. त्यांचे सदरे लोक घालतील. पांढरे दिसावं म्हणून..."

ओल्या हातांनी तोंड झाकून ती रडायला लागली. बारा दिवस न रडलेली माय. बायका धावत आल्या आणि तिला धरून म्हणाल्या, रडू दे, मोकळी होऊ दे. त्यांना वाटलं ती आबांसाठी रडते आहे. ती कशाने रडत होती ते मला माहीत होतं. आणि दुकानातली ती रिकामी बाटली घरात ठेव म्हणून मीच तिच्या हातात दिली होती, हेही मला तेव्हा आठवलं. तोंडातून शब्द गेल्यावर.

तेराव्याला भावाने हिंगोलीहून फोटो आणला. सुरेख आला होता, एक रेघ नाही. लोकांनी हार घातले. मायनेही घातला, पण फोटोकडे न बघता, खाली मान घालून. पुढे महिन्याभराने मी नवीन हेड बसवलं. पहिला कागद आबांचा काढू का, म्हणून तिला विचारलं. "राहू दे आता," ती म्हणाली, "काहून मशीन खराब करतो?" मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती चुलीकडे निघून गेली. अजून मागितलेली नाही.

परवा मी गिऱ्हाइकाचे फोटो कापत होतो. माय मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात लोणच्याची रिकामी बरणी होती, धुऊन पुसलेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

"ह्याच्यात तीळ भरू का रे?" तिने विचारलं. "तुला लागत तर न्हाई ना?"

बरणी तिची होती, तीळ तिचे होते, घरही तिचंच आहे. मी "भर की, माय" एवढंच म्हणू शकलो. तरी ती तिथेच उभी राहिली, मी मान वर करून पुन्हा हो म्हणेपर्यंत.