मागे राहिलेला शब्द

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'ओकी-डोकी'च म्हणायचे. तरुणपणी एका परदेशी इंजिनियरच्या हाताखाली असताना त्याने हा शब्द उचलला होता. अर्थ विचारला, तर साहेब हसून म्हणाला, "ओकेच आहे रे. लोकांनी गमतीनं त्याला शेपूट लावलं." आपण चहाबिहा म्हणतो तसंच, हे त्याला लगेच पटलं.

लिफ्टच्या छतावर उभं राहून दोर, ब्रेक सगळं तपासल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही, आणि वरून 'ओकी-डोकी' ऐकू आल्याशिवाय खालचा जोडीदार बटणाला हात लावायचा नाही. घरी मात्र त्याची नुसती उधळण. भाजी खारट झाली तरी ओकी-डोकी. बायको वैतागायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला."

मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि एवढा एकच शब्द मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. तहान लागली, ओकी-डोकी. पाठ सोलली, ओकी-डोकी. बायको शब्द सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघायला शिकली. पण त्याला कुशीवर वळवताना तिचेच गुडघे दगा द्यायचे. एकदा तर दोघंही खाली पडली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली.

मुलगा आला. वाईट नव्हता तो, घायकुतीला आला होता. उशाशी बसून म्हणाला, "बाबा, वृद्धाश्रमात उचलायला-ठेवायला माणसं असतात. आईला आता झेपत नाही. चालेल ना तुम्हाला?"

त्याने डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. डोळे भरून आले.

"ओकी-डोकी," तो म्हणाला. मग बायकोकडे बघत, जिवाच्या आकांताने, पुन्हा तेच.

"बघ आई, तयार आहेत ते." मुलाला हायसं वाटलं.

तिला त्यातलं 'नको' लख्ख कळलं होतं. सांगायला म्हणून ती उठली, तोच गुडघ्यातून कळ आली. भिंतीचा आधार घेऊन ती तशीच उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली, पण अंगात त्राण नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तयार आहेत."

त्याने पलंगाची कड सोडली. त्या दिवसापासून तो शब्दही त्याने टाकला.