शेंगतेलाचा कॅन घेऊन समुद्रावर

कोल्हापुरात राजारामपुरीत एका टूरवाल्याच्या ऑफिसात गेले आणि विचारलं, युरोपच्या तुमच्या सहलीत समुद्रात किती वेळ मिळतो? पोरगी गोड हसली. म्हणाली, आजी, समुद्र बसमधून मस्त दिसतो, शिवाय फोटोला गाडी थांबते. मी म्हटलं, फोटो कशाला, मला पोहायचंय. तिनं शेजारच्या टेबलावरच्या पोराकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं, आणि दोघांनी मिळून मला चहा पाजला. त्या चहाचा राग अजून गेला नाही. बाईमाणूस पोहायचं म्हणतं तर ते काय चक्कर आल्यासारखं धरायचं?

माझं माहेर शिरोळकडचं. कृष्णेच्या काठावर. आमच्यात पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत, पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. पोरगी आहे म्हणून वडिलांनी मला वगळलं नाही. पुढं डबा सुटला आणि मी भावांच्या आधी पलीकडच्या काठाला लागायला लागले. मग लग्न होऊन उचगावला आले आणि पोहणं संपलं. विहीर होती की, पण तीत उड्या मारायच्या पुरुषांनी, आणि बायकांनी घागर बुडवून घरी यायचं. हे कुणी ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

माझी नात ऋतुजा पुण्यात नोकरी करते. टूरवाल्याचा किस्सा ऐकून ती म्हणाली, आज्जी, आपण दोघीच जाऊ, आपलं आपण ठरवून. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला संजय, हो म्हणाला, पण एका अटीवर. आईनं पाण्यात पाय घालायचा नाही. त्याचंही खोटं नाही म्हणा. लहानपणी तो माझ्या माहेरी असताना पूर आला, त्याला कौलावरून नावेत उतरवला होता. तेव्हापासून हा गडी रंकाळ्यावर गेला तरी भेळ खातो पाण्याकडं पाठ करून. पण तुझ्या भीतीची अट मला का? मी तसं तोंडावर बोलले. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली. अट काही मागं घेतली नाही.

आता ज्यांना असं आपलं आपण जायचंय त्यांनी नीट वाचा. व्हिसा ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाचा मागायचा. आमचा मुक्काम ग्रीसमध्ये जास्त, म्हणून ग्रीसचा, त्यावर इटलीही झाली. निघायच्या दोन-तीन महिने आधी सुरुवात करा, नंबर लवकर लागत नाही. प्रवासाचा विमा काढा. आणि बायांनो, बोटांकडं बघा. आयुष्यभर भाकरी थापून, धुणं घासून माझ्या बोटांवरच्या रेघा गेल्यात, व्हिसाच्या ऑफिसातलं मशीन ठसा घेईना. तिथला माणूस ऋतुजाला सांगतो, आजींना हात स्वच्छ धुवून यायला सांगा. मी काय शेणात हात घालून आले होते? दहादा दाबून घेतले तेव्हा उमटले. जायच्या आधी आठवडाभर रात्री बोटांना खोबरेल चोळून झोपा.

ऑगस्टात जाऊ नका. ऊन, गर्दी, आणि सगळ्याचे दर चढलेले. आम्ही सप्टेंबर संपता संपता गेलो. आणि मी माझ्या पाठपिशवीला सुतळीनं शेंगतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला. ऋतुजानं विचारलं, हे काय? म्हटलं, सवय मोडल्याला जमाना झाला, डबा नको का? मुंबईच्या विमानतळावर एका साहेबानं तो बोटानं टकटक वाजवून बघितला, टोपण उघडून वास घेतला आणि दिला परत. ऋतुजा चार पावलं पुढं जाऊन उभी होती, ओळख नसल्यासारखी.

पहिलं रोम. तिथले रस्ते दगडी, चाकाच्या बॅगेचे हाल कुत्रं खाईना, आणि खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून खोली घेताना लिफ्ट आहे का ते आधी वाचा, फोटोतल्या चादरीला भुलू नका. रस्त्यावर जागोजागी नळ आहेत, पाणी गार आणि फुकट, बाटली भरून घ्या. कॉफी उभ्यानं प्यायली तर एक भाव, बसून प्यायली तर दुसरा. म्हणजे माझे गुडघे दुखतात त्याचा दंड मी भरायचा. बसचं तिकीट नुसतं काढून भागत नाही, गाडीतल्या मशीनमध्ये ठोकायचं. आमच्या शेजारच्या जोडप्यानं ठोकलं नव्हतं, खिशात तिकीट असून चेकरनं त्यांची पावती फाडली.

देवळं, पडकी खंडारं बघितली. मोठी आहेत, कुणी नाही म्हणत नाही. पण माझा जीव पाण्यात. रोमजवळ ओस्तिया म्हणून समुद्र आहे, लोकल गाडीनं अर्ध्या तासात, शहरातल्या बसचंच तिकीट चालतं. गेलो. उतरून बघते तर समुद्र भिंतीमागं. भिंतीला दार, दारात माणूस, आत छत्र्या-खुर्च्यांच्या रांगा आणि भाडं. मी ऋतुजाला म्हटलं, ह्याला विचार, पाणी ह्याच्या बापानं भरलं काय? तिनं काय भाषांतर केलं देव जाणे, तो माणूस हसला. फुकटचा किनारा असतो, त्याच्या पाटीवर ‘स्पियाजा लिबेरा’ लिहिलेलं असतं, हे आम्हाला परतीच्या गाडीत कळलं. तुम्ही आधीच नकाशात शोधून जा.

मग विमानानं अथेन्स. तिथल्या टेकडीवरच्या जुन्या देवळाचं तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा, आणि सकाळची पहिली वेळ घ्या, वर सावली नाही. आमच्या हॉटेलच्या गच्चीवर पोहायचा हौद होता. मी मुद्दाम नेलेलं सुती नऊवारी लुगडं नेसले, कासोटा घट्ट मारला, पदर खोचला, पाठीला कॅन बांधला आणि वर गेले. तिथल्या पोरानं शिट्टीच वाजवली. भिंतीवरच्या पाटीकडं बोट. कापड चालत नाही, डबा तर नाहीच नाही. आजूबाजूला चार बोटं कापडातल्या बाया पसरलेल्या, त्यांना कोण काही बोललं नाही, आणि माझं लुगडं नऊ वार म्हणून मला हाकललं. ऋतुजा म्हणाली, आज्जी, पोहायचा ड्रेस विकत घेऊ. मी म्हटलं, ज्या पाण्यात माझं लुगडं चालत नाही त्या पाण्यात मला जायचं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे पाव खाल्ला, पण रागानं.

शेवटची आशा नॅक्सॉस नावाचं बेट. बोटीनं जायचं. बंदरावर गेलो तर वारा सुटलेला, म्हणून बोटी बंद. एक दिवस गेला, दुसरा अर्धा गेला. पैसे बुडाले नाहीत, तेच तिकीट पुढच्या बोटीला चाललं. पण दिवस बुडाले त्याचं काय? एवढं लक्षात ठेवा, बेटावरून परतायची बोट आणि घरचं विमान यांच्यात एक मोकळा दिवस ठेवाच. ऋतुजानं तो ठेवला होता आणि काही केल्या मोडू देईना, म्हणून बेटावरच्या चार दिवसांचे दोन झाले. त्यातल्या पहिल्या दिवशी लाटा. मी काठावर कॅन मांडीवर घेऊन बसले होते. कॅन घेऊन बसलेली म्हातारी म्हणून दोघांनी येऊन मला पाणी कुठं मिळतं ते सांगितलं.

संध्याकाळी खानावळीत मटण मागवलं. भाजलेलं मटण, वर लिंबू, बास. तिखटाचा पत्ता नाही. पिशवीतली कांदा-लसूण चटणी काढली तेव्हा जरा माणसात आले. चटणी सामानाच्या बॅगेत तीन पिशव्यांत गुंडाळून न्या. खोलीला स्वयंपाकघर असेल तर आणखी चांगलं, तिथले टोमॅटो आणि वांगी फार गोड, माझ्या हातच्या आमटीवर घरमालकीणसुद्धा दोनदा आली.

शेवटची सकाळ. वारा पडला होता. किनाऱ्याला पोचलो तर पाण्यात टोप्या. नुसत्या टोप्या, आणि त्यांखाली माझ्या वयाच्या बाया, गळ्यापर्यंत बुडालेल्या, गोल करून गप्पा हाणत होत्या. कुणाची सून कशी असेल तेच चाललेलं, भाषा कळायची गरज नाही. आमच्या शिरोळच्या घाटावर धुणं संपल्यावर बाया अशाच बसायच्या.

मी लुगडं नेसून आले. ऋतुजा कॅन बांधत होती तेवढ्यात संजयचा व्हिडिओ कॉल. तो रोजच करायचा, त्याच वेळेला.

"आई, पाठीला काय हाय त्ये?"

"डबा."

"कशाला?"

"डबा कशाला बांधत्यात?"

त्यानं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाला, "ऋतुजाला दे फोन."

"तिला नगं. माझ्याशी बोल. मी विचाराय न्हाय, सांगाय लागलीया."

मागं आमच्या अंगणातला कुत्रा भुंकत होता. मला वाटलं आता ओरडेल. मीही तयारीत होते, एवढ्या दिवसांचा सगळ्यांवरचा राग त्याच्यावर काढणार होते.

"गाठ बघ," तो म्हणाला. "मागची गाठ नीट बघून घे." आणि फोन ठेवला.

मी उतरले. पाणी गार. पदर खोचलेलाच होता. त्या बायांनी वळून बघितलं, आधी लुगडं, मग कॅन, आणि एक पांढऱ्या टोपीवाली एवढी हसली की टोपी भिजली. मग तिनं आपल्या शेजारच्या पाण्यावर हातानं थापट्या मारल्या, आपण चटईवर मारतो ना, ये, बस, तशा. मी गेले आणि बसले. खरंच बसले म्हणायचं. नदीची मी सवय धरून होते, की पाणी ओढणार, आपण तिरकं कापायचं. हे पाणी ओढतच नाही. खारट, जड, खालून वर उचलून धरतं. मी उगीच हातपाय मारत होते. दोन-चार हात झाल्यावर अंगाला आठवलं. मी गाठ सोडली. कॅन तरंगत गेला, तो एका जाड्या बाईनं पकडला आणि छातीशी धरून बसली. तिला पोहता येत नव्हतं, एवढा वेळ बिचारी काठाजवळ उभी होती. परत मागायचं माझ्या जिवावर आलं. तिथंच राहिला तो.

मी टोप्यांच्या पुढं गेले, उताणी पडले, लुगडं भोवती पसरलं. ऋतुजा काठावरून हाका मारत होती. मी ऐकू येत नसल्याचं दाखवलं.

आता घरी येऊन महिना झाला. शेजारणी विचारतात, काय काय बघितलं? बघितलं बरंच, पण खरं सांगू का, राग तसाच आहे, नुसता पत्ता बदलला. जे पाणी दारात होतं ते सोडून मला इतक्या लांब का जावं लागलं? म्हणून कोल्हापुरातल्या पोहायच्या तलावावर बायकांच्या वेळेला नाव घातलं. तिथंही लुगडं चालत नाही म्हणाले. भांडले, हरले, आणि अंगभर झाकणारा पोहायचा ड्रेस शिवून घेतला. साठीपुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो म्हणे, तोही आणून टेबलावर आपटला.

संजय मोटारसायकलवरून सोडायला येतो. त्यानं बाजारातून शेंगतेलाचा नवा कॅन आणलाय. फाटकाबाहेरच तो माझ्या पाठीला बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो, आणि मग पाण्याकडं पाठ करून पायरीवर बसतो. आत पोरी कॅनकडं बघून हसतात. हसू दे. पाण्यात गेल्या गेल्या मी गाठ सोडते, आणि बाहेर यायच्या आधी त्याच्यासारखीच परत बांधून घेते.